पोथीपासून परिसापर्यंत

मीरा रोडच्या किंवा भाईंदरच्या विशी-पंचविशीतल्या मराठी मुलीला ‘हॅरी पॉटर वाचलंयस का?’ असं विचारलं, तर ती ‘वाचलंय’ एवढंच म्हणून थांबत नाही. ‘पारायणं केलीत,’ असं सांगते. शब्द सहज तोंडात येतो. त्यामागे काही शतकांची सवय आहे याची त्या क्षणी कुणाला आठवणही नसते.

पारायण म्हणजे एखादा ग्रंथ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत ठरावीक दिवसांत वाचून पुरा करणं. ज्ञानेश्वरीचं पारायण, गुरुचरित्राचा सप्ताह. मध्ये खंड पडू द्यायचा नाही आणि यंदा झालं की पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. गोष्ट माहीत असते, शेवट माहीत असतो, पुढच्या अध्यायात कोण येणार तेही पाठ असतं. तरी वाचायचं असतं. लहानपणी आवडलेली जादूची कादंबरी पंचविसाव्या वर्षी पुन्हा हातात घेणारा वाचक नेमकं हेच करतो. म्हणूनच मराठीला या कृतीसाठी नवा शब्द शोधावा लागला नाही. अद्भुत गोष्ट फिरून वाचायची रीत इंग्रजी पुस्तकांबरोबर या घरांत आलेली नाही. ती पोथीच्या पाटावर आधीपासून बसलेली होती.

आधी पोथीच पाहू. तिची पानं आडवी आणि सुटी. वरखाली लाकडी पट्ट्या किंवा पुठ्ठे, सगळ्यावर कापडाचं बासन. संध्याकाळी दिवा लागला की पाटावर किंवा चौरंगावर बासन सोडायचं, वाचून झालेलं पान पालथं करून बाजूला ठेवायचं, अध्याय संपला की सगळं पुन्हा नीट बांधायचं. वाचणारा एक आणि ऐकणारे घरभर. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या आज्यांना अध्यायच्या अध्याय तोंडपाठ असत आणि वाचणाऱ्यानं एखादी ओवी गाळली तर पहिली हरकत त्यांचीच येई. चातुर्मासात हे घरोघर चाले. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२ मधला, ‘रामविजय’ १७०३ मधला, ‘पांडवप्रताप’ १७१२ मधला. तिन्ही ग्रंथांची भाषा इतकी सोपी आणि चित्रदर्शी की शेतकऱ्याच्या घरातही त्यांचा अर्थ समजावून द्यावा लागत नसे.

‘नवनाथ भक्तिसार’ हा ग्रंथ या संदर्भात वेगळा उल्लेख करण्याजोगा आहे. धुंडीसुत मालू नरहरी यांनी तो शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ मध्ये पुरा केला. अध्याय चाळीस. माशाच्या पोटी जन्मलेला मच्छिंद्र, उकिरड्याच्या राखेतून निघालेला गोरख, हत्तीच्या कानातून आलेला कानिफा. पोरं चिखलाची बाहुली करून मागतात, गोरख संजीवनी मंत्र घोकत घोकत ती घडवतो आणि त्या चिखलाच्या बाहुलीत जीव येतो. तेच गहिनीनाथ. गुरूनं शिष्याला विद्या देणं, विद्येला विद्येनं तोडीस तोड उत्तर देणं, श्वासच खेचून घेणारं वाताकर्षणास्त्र, जिथं पुरुष टिकत नाही असं स्त्रीराज्य आणि तिथं अडकलेल्या गुरूला सोडवायला निघालेला शिष्य. भाविकांसाठी तो पूज्य ग्रंथ आहे, श्रावणात आजही वाचला जातो. तो ऐकत वाढलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचं मन मात्र त्याबरोबर एक मोठं मायावी जग पाहून येत होतं आणि दरवर्षी त्याच जगात परत जात होतं.

पोथीच्या अध्यायाला फलश्रुती असते. हा अध्याय वाचला तर अमुक दुखणं जाईल, अमुक संकट टळेल. पुन्हा वाचण्याचं ते सांगण्याजोगं कारण झालं. न सांगितलेलं कारण म्हणजे गोष्टीची गोडी.

ही सवय किती खोल रुजली होती याचा एक जुना पुरावा गोव्यात सापडतो. सोळाव्या शतकात तिथं ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची जुनी पुराणं गेली आणि त्यांच्या जागी वाचायला काही उरलं नाही. नव्या ख्रिस्ती लोकांनी हीच खंत मांडली आणि इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. धर्म बदलला तरी ओवी सुटली नाही आणि जमून वाचायची तहानही सुटली नाही. त्या काळी मुंबईजवळच्या साष्टी बेटाचं उत्तर टोक, म्हणजे आजचं मीरा-भाईंदर, हेही पोर्तुगीज अमलाखाली होतं. १५३४ च्या तहानं वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांकडे गेली होती. उत्तन-डोंगरीची चर्चं, घोडबंदरचा किल्ला आणि खाडीच्या मुखावरच्या धारावीच्या किल्ल्याचे उरलेसुरले अवशेष या काळाची साक्ष देतात. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ ते १७३९ या काळात हा सगळा टापू मराठ्यांकडे आला. समुद्र, खाडी, गलबतं, वेढे आणि तटाला लावलेले सुरुंग यांची ही भूमी. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी मराठी कादंबरीकारांना साहसकथेसाठी जे लागणार होतं ते सगळं इथं प्रत्यक्ष घडून गेलं होतं.

छापखाना आला आणि गोष्ट बासनातून सुटून पुठ्ठ्याच्या बांधणीत गेली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरेबियन नाइट्स’ इंग्रजीवरून मराठीत आणलं. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावानं ते १८६१ पासून बाहेर पडू लागलं. अपुरं राहिलेलं काम पुढे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी नेलं. शाळा तपासणारे, व्याकरणावर अधिकारानं लिहिणारे कृष्णशास्त्री दिव्यातल्या राक्षसाची गोष्ट सांगायला बसले आणि आपल्या कसदार गद्याचा सगळा डौल त्यांनी तिला दिला. त्याच १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, अरण्य, कपटी प्रधान आणि शेवटी भेट. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मधली आणि ती हिंदू विधवांच्या दुःखाबद्दल आहे. वाचकांनी मात्र पुढची काही दशकं डोक्यावर घेतली ती अद्भुत कादंबरी.

याच दशकात भाईंदरच्या मिठागरांशेजारून रूळ गेले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची गाडी १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला रोजची पहिली उपनगरी गाडी सुटली. तिच्या थांब्यांत खाडीच्या मधोमध असलेल्या पाणजू बेटाचंही नाव होतं. ‘मंजुघोषा’ त्याच्या पुढच्याच वर्षीची. छापील कादंबरी आणि उपनगरी गाडी या दोघी मराठी माणसाच्या आयुष्यात अशा बरोबरीनं आल्या आणि पुढची दीडशे वर्षं एकमेकींच्या सोबतीनं चालल्या. पाटावरची पोथी दहाजणांत वाचायची होती. गाडीतलं पुस्तक एकट्यानं, मनात, खिडकीशी वाचायचं झालं. पारायणाची जागा बदलली ती इथं.

जाणत्या मंडळींना हे रुचलं नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक ह्याविषयी निबंध’ प्रसिद्ध केला आणि या कादंबऱ्यांमधल्या असंभाव्य गोष्टींवर कठोर टीका केली. टीकेत तथ्य होतं. त्या कादंबऱ्यांतली माणसं एकाच साच्यातून काढलेली होती आणि भोवतालच्या जगण्याचा वारा त्यांच्या पानांवर फारसा येत नव्हता. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं, ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली आणि मराठी कादंबरी घराच्या माजघरात, विधवेच्या कोठीत आली. ते फार मोठं काम होतं. पण त्याबरोबर एक समज पक्का झाला, की खरं साहित्य म्हणजे वास्तव आणि अद्भुत म्हणजे पोरखेळ. घरातली मोठी माणसं मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घेताना गेली सव्वाशे वर्षं हेच सांगत आली आहेत. त्या पुस्तकांनी वाचक घडवले, हे त्यांच्या हिशेबात फारसं धरलं गेलं नाही.

अद्भुताला पुन्हा उभं केलं ते एका अपंग माणसानं. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे नाथमाधव, यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ चा, मुंबईतला. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी, शिकारीचा नाद. विशीतच सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. नोकरी गेली, हिंडणं संपलं. अंथरुणावर त्यांनी वाचन सुरू केलं आणि वाचता वाचता लिहू लागले. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ आली, १९१३ मध्ये ‘वीरधवल’. ज्याला स्वतःला खोलीबाहेर जाता येत नव्हतं, त्या माणसानं भुयारं, गुप्त वाटा, बेमालूम वेषांतरं, दौडणारे घोडे आणि सिद्धपुरुषांची मोठी दुनिया उभी केली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, ‘डॉक्टर’सारख्या सामाजिकही लिहिल्या आणि २१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या सामाजिक कादंबऱ्यांची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात आदरानं होते. लोकांनी जीव लावला तो ‘वीरधवल’ला. शंभर वर्षं उलटून गेल्यावरही तिच्या आवृत्त्या निघतात.

नाथमाधवांच्याच एका कादंबरीचं नाव आहे ‘सावळ्या तांडेल’. उत्तन, पाली, चौक इथल्या माणसाला या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या, वाऱ्याचा आणि भरतीचा अंदाज ज्याच्या डोळ्यांत असतो तो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा शब्द दूरच्या साहसाचा वाटे. भाईंदरच्या पश्चिमेला मात्र तो आजही रोजच्या बोलण्यातला आहे, तिथं अनेक घरांचं आडनावही तांडेल आहे.

पुस्तक एकदा वाचायला विकत घेतलं तरी चालतं आणि उसनं आणलं तरी चालतं. पुन्हा पुन्हा वाचायला मात्र ते कुठेतरी राहावं लागतं. ज्या घरांत पुस्तकांचं कपाट नव्हतं, त्यांच्यासाठी ते काम ग्रंथालयांनी केलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झालं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांतले. मराठी पुस्तकांसाठी म्हणून उभी राहिलेली ही आद्य संस्था आणि मीरा-भाईंदर ज्या जिल्ह्यात येतं त्याच जिल्ह्याचं ते ठिकाण. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधलं. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदानं सुरू झाली आणि गावोगावी वाचनालयांच्या पाट्या लागल्या.

ग्रंथालयाच्या आतल्या माणसांची एक भाषा असते. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. वाचक ज्या टेबलापाशी रांग लावतो तो देवघेव विभाग. सभासदानं अनामत भरायची, महिन्याला वर्गणी द्यायची, एका वेळी एक किंवा दोन पुस्तकं न्यायची. नवं पुस्तक जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधून घेतात, कण्याला कापडी पट्टी लावतात, मूळ रंगीत मुखपृष्ठ कधी आत चिकटवतात तर कधी ते गळूनच जातं. मलपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी डकवलेली असते आणि तिच्यावर परतीच्या तारखांचे शिक्के पडत जातात. ग्रंथपालाला पुस्तकाचं नाव वाचायचीही गरज नसते. जिथं चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवली, दुसरी भरली म्हणून तिसरी, पानांचे कोपरे मऊ पडून गोलसर झाले, ते पुस्तक कुमार विभागातलं असणार. त्या चिठ्ठीवर ओळीनं पाहिलं तर मे महिन्यात तारखा दाटीनं पडलेल्या दिसतात. उन्हाळ्याची सुट्टी हा मराठी मुलांचा दुसरा चातुर्मास होता.

मुलांसाठी खास छापलेलं वाचनही तोवर उभं राहत गेलं होतं. विनायक कोंडदेव ओक यांचं ‘बालबोध’ मासिक १८८१ मध्ये निघालं, वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ मध्ये. दोन्हींत उपदेश होता, माहिती होती आणि अधूनमधून पऱ्याही होत्या. स्वातंत्र्यानंतर मद्रासहून ‘चांदोबा’ येऊ लागला. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालतो आहे, वेताळ गोष्ट सांगतो आहे, ते चित्र मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही. दर महिन्याला तीच सुरुवात आणि तोच शेवट, मध्ये नवी गोष्ट. पारायणाची चाल मासिकातही उतरली ती अशी.

या सगळ्यात एक नाव कृतज्ञतेनं घ्यायला हवं. भास्कर रामचंद्र भागवत, जन्म ३१ मे १९१०. लोक त्यांना ‘फास्टर फेणे’चे लेखक म्हणून ओळखतात. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून पुण्यात आला आणि मराठी मुलांचा झाला. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, लुइस कॅरलची अॅलिस आणली. अॅलिसला त्यांनी जाई केलं आणि पुस्तकाचं नाव ठेवलं ‘जाईची नवलकहाणी’. नवल हा शब्द त्यांनी जुन्या मराठीच्या ठेवणीतून काढला. परकं पुस्तक मराठी मुलाला आपलं वाटावं यासाठी काय करावं लागतं, ते त्या एका नावातून कळतं. पुस्तकांच्या वेडानं झपाटलेला ‘बिपिन बुकलवार’ हा मुलगाही त्यांचाच. साहसाच्या मागे धावणारा नायक सगळेच लिहितात. वाचणाऱ्या मुलाला नायक करणारे लेखक विरळा.

रंगभूमीनं याच गोष्टी उभ्या करून दाखवल्या. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’नं अनेक मुलांना पहिली चेटकीण दाखवली. ते नाटक अलीकडच्या काळात नव्या संचात पुन्हा आलं तेव्हा लहानपणी ते पाहिलेले आई-बाप आपल्या मुलांना घेऊन गेले.

१९७१ च्या नोव्हेंबरात पाठ्यपुस्तक मंडळानं, म्हणजे बालभारतीनं, ‘किशोर’ सुरू केलं. खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत, अगदी कमी किमतीत, चांगले लेखक आणि चांगले चित्रकार घेऊन हे मासिक पोचलं. नारायण धारपांच्या भय आणि अद्भुत कादंबऱ्या त्याच काळात वाचनालयांतून हातोहात फिरत होत्या. चौदा-पंधरा वर्षांची मुलं त्या मोठ्यांच्या कपाटातून काढत. मराठीत कुमारांसाठी वेगळी अद्भुत कादंबरी सलग, भरघोस अशी लिहिली गेली नाही, ही उणीव मान्य करायलाच हवी. म्हणून मुलांनी कधी खालच्या फळीवरची परीकथा उचलली, कधी वरच्या फळीवरचे धारप आणि नाथमाधव.

भाईंदरचं गाव याच सुमारास शहर होत होतं. मिठागरं, भातखाचरं, नवघर, खारी, मीरे, काशी, पेणकरपाडा, राई, मुर्धा, मोर्वा. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. गिरगाव, परळ, लालबाग, दादरच्या चाळींत दोन खोल्यांचं तीन भावांत भागेना, तेव्हा मराठी कुटुंबं पश्चिम रेल्वेनं उत्तरेकडे सरकली. सोबत गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मुस्लिम, ख्रिस्ती, दक्षिण भारतीय अशी सगळ्या मुलखांतली माणसं आली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर गेली, २०११ मध्ये आठ लाखांवर. सामान हलवताना भांडी आली, देव आले, शिवणयंत्र आलं. पुस्तकांची ट्रंक बऱ्याचदा मागे राहिली. जुन्या वस्तीतलं वाचनालय तर बरोबर आणता येण्यासारखं नव्हतंच. चर्चगेटहून घरी यायला तासाभराहून अधिक वेळ लागू लागला आणि त्या तासाभरात ज्याला बसायला जागा मिळाली त्यानं पुस्तक उघडलं, उभं राहणाऱ्यानंही एका हातानं कडी धरून दुसऱ्या हातात ते धरलं. या शहराच्या पहिल्या पिढीचं बरंचसं वाचन दहिसर येईपर्यंत गाडीत झालेलं आहे.

या घरांमधली मुलं वाढली ती हॅरी पॉटरच्या काळात. जे. के. रोलिंग यांचं पहिलं पुस्तक १९९७ च्या जूनमध्ये लंडनमध्ये निघालं आणि काही वर्षांत भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं ते हिंदीपाठोपाठ मराठीतही आणलं. मराठी अनुवाद बाळ उर्ध्वरेषे यांचा. नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’.

परीस हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. मूळ नावात ज्या दगडाचा उल्लेख आहे तो युरोपातल्या किमयागारांचा. शिशाचं सोनं करणारा आणि अमरत्व देणारा. अमेरिकेत पुस्तक छापताना तिथल्या प्रकाशकाला वाटलं, मूळ नावातला तत्त्वज्ञ मुलांना कळणार नाही, कंटाळवाणा वाटेल, म्हणून १९९८ मध्ये त्यानं नाव बदलून तत्त्वज्ञाच्या जागी जादूगार घातला. मराठीत असं काही करावंच लागलं नाही. लोखंडाला लागला की सोनं करणारा परीस ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीत आहे, घरातल्या म्हणींत आहे, ‘तुझा हात परिसाचा आहे’ या कौतुकात आहे. दहा वर्षांच्या मराठी मुलाला परीस म्हणजे काय ते मुखपृष्ठावरच कळतं. हॅरीच्या जादूच्या शाळेच्या, हॉगवर्ट्सच्या, जिन्यांवरून फिरणारी भुतंही त्याला फार परकी नसतात. मुंजा, वेताळ, हडळ, झोटिंग, खाडीकाठचा गिऱ्हा, रात्री वाट चुकवणारा चकवा, हे सगळं कुटुंब त्याच्या ओळखीचं असतं. शाळेत विद्या शिकायला गेलेला पोरका मुलगा, त्याला ओळखणारा म्हातारा गुरू, विद्येला विद्येनं दिलेलं उत्तर. ‘नवनाथ’ ऐकलेल्या आजीला नातवानं ही गोष्ट सांगितली तर ती मध्येच पुढचं सांगू शकेल, इतकी तिची घडण ओळखीची आहे. टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणलं, तेव्हाही असंच झालं. मुद्रिका म्हटलं की मराठी मनात आधी अशोकवनातली सीता येते आणि मग मॉर्डोर.

पहिल्या वाचनात मूल हॅरीबरोबर धावतं. पुढे काय होतं एवढंच त्याला हवं असतं, म्हणून वर्णनं गाळली जातात, पानं उडी मारून वाचली जातात. सतरा-अठराव्या वर्षी तेच पुस्तक पुन्हा उघडल्यावर हॅरीचा कडक शिक्षक स्नेप वेगळा दिसू लागतो. सातव्या भागानंतर पहिला भाग वाचणाऱ्याला त्याच्या प्रत्येक वाक्यामागचं दुःख ऐकू येतं. तिशीत, स्वतःच्या घरात मूल आल्यावर, जिन्याखालच्या कपाटात झोपणारा तो मुलगा पाहवत नाही. लहानपणी ते कपाट गमतीचं वाटलेलं असतं. अक्षरं तीच असतात. वाचणाऱ्याच्या पदरात दरम्यानची पंधरा वर्षं पडलेली असतात आणि ती पुस्तक मोजून दाखवतं. पोथी वाचणाऱ्यांना हे ठाऊक होतं. यंदाच्या पारायणात अमुक ओवी नव्यानं कळली, असं ते सांगत आणि त्याला दृष्टान्त म्हणण्याइतकं महत्त्व देत.

म्हणून अद्भुत कादंबरी पुन्हा वाचणाऱ्या मोठ्या माणसाला ओशाळवाणं वाटायचं काही कारण नाही. १८७२ मधल्या त्या निबंधातल्या टीकेचं ओझं त्यानं आता उतरवून ठेवावं. मराठीत वाचक टिकला तो ज्या पुस्तकांनी मुलांना परत परत ओढून घेतलं त्यांच्यामुळे. त्यांतली पुष्कळ पुस्तकं समीक्षेच्या यादीत कधी आली नाहीत. आजच्या मीरा-भाईंदरमध्ये बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, मराठी घरी बोलतात आणि सलग मराठी वाचायला कचरतात. त्यांच्यासाठी वाट याच गोष्टीतून आहे. जी गोष्ट इंग्रजीत पाठ आहे ती मराठीत वाचताना अडखळायची भीती उरत नाही, कारण पुढचं सगळं माहीत असतं. जोडाक्षरावर अडलं तरी अर्थ पुढे धावत असतो. पारायणानं निरक्षर आजीला ओव्या शिकवल्या, ती किमया नातवालाही मराठी अक्षरांची ओळख करून देऊ शकते.

त्यासाठी तीन गोष्टी लगेच करण्यासारख्या आहेत. घरात माळ्यावर, गावच्या ट्रंकेत ‘वीरधवल’, ‘चांदोबा’, भागवतांची पुस्तकं असतील तर ती खाली काढावीत आणि मुलाच्या हाताला लागतील अशी ठेवावीत. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं संगणकावर मोफत खुले केले आहेत, ते मुलांबरोबर बसून पाहावेत. आणि नवी वसाहत उभी राहताना जिमखाना, तरणतलाव यांच्याबरोबर पुस्तकांची एक खोली रहिवाशांनी आग्रहानं मागावी, जिथं देवघेव चालेल आणि परतीच्या चिठ्ठ्या भरतील.

‘हॅरी पॉटर आणि परीस’ची प्रकरणं सतरा आहेत. आषाढी एकादशीला, चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी, घरात मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि रोज एक प्रकरण झालं, तर आषाढ संपायच्या आत पुस्तक पुरं होतं.